वाचकांचे प्रश्न : दोन गिटारांचा कल्लोळ

प्रश्न : आम्ही निपाणीचे चौघे. दोन इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि ड्रम. न्यूझीलंडच्या डनेडिन शहरातल्या १९८०च्या दशकातल्या बँडसारखा खळाळता आवाज हवाय, पण दोन्ही गिटार एकदम वाजल्या की काहीच कळत नाही. महागाची गिटार घ्यावी का? आणि या आवाजाचं मूळ पंडित प्राणनाथांच्या किराणा गायकीत आहे असं एक मित्र म्हणतो, हे खरं का?

उत्तर : नवी गिटार घेऊ नका. तुम्ही दोघंही बहुतेक एकाच जागी बार कॉर्ड (एका बोटाने साऱ्या तारा दाबून) धरत असणार आणि वर डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाटवलेला आवाज. डिस्टॉर्शनमधून दोन स्वर एकत्र गेले की त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे नवे स्वर निघतात. सा-प असेल तर ते खपून जातात. गंधार मिसळला की मूळ कॉर्डशी भांडू लागतात.

म्हणून ॲम्पवरचा गेन (आवाज फाटवणारं बटण) १० पैकी २-३ वर आणा. बेस ३, मिड ६, ट्रेबल ६-७. पहिल्या गिटारवर अनामिका आणि करंगळी वरच्या दोन तारांच्या तिसऱ्या पडद्यावर ठेवा आणि ती दोन बोटं न उचलता जी, सी ॲड नाइन, ई मायनर सेव्हन असे कॉर्ड बदला. डी आणि जी हे स्वर सतत वाजत राहतात. खळाळ येतो तो तिथूनच. दुसरी गिटार पाचव्या पडद्यावर कॅपो (साऱ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून डी, जी, बी मायनर हे आकार धरेल. सूर तेच, जागा वरची. बी मायनर पूर्ण बार न धरता वरच्या चार तारांवरच वाजवा. पिक पातळ, ०.७३ मिलिमीटर किंवा कमी. उजवा हात वर-खाली अखंड हलता हवा. सुटी जागा आली तरी तो थांबू नये. थांबला की लय तुटते आणि मग माणसं ती उणीव आवाज बदलणाऱ्या पेडलने भरून काढू पाहतात.

आता मूळ. डनेडिनचा ‘द क्लीन’ हा बँड १९७८ साली किलगूर भावंडांनी सुरू केला आणि १९८१मध्ये क्राइस्टचर्चला निघालेल्या ‘फ्लाइंग नन’ या तबकडी कंपनीने त्यांच्या तबकड्या काढल्या. या पिढीवर न्यूयॉर्कच्या ‘वेल्व्हेट अंडरग्राउंड’ या बँडची छाप आहे. तिथे जॉन केलचा व्हायोला एकच सूर धरून राहायचा, तर त्याच बँडच्या लू रीडने एकदा गिटारच्या साऱ्या तारा एकाच स्वराच्या सप्तकांत लावल्या होत्या. केल त्याआधी संगीतकार ला मॉन्टे यंग यांच्याबरोबर तासन्‌तास एक सूर धरून वाजवत होता. हेच यंग १९७० साली प्राणनाथांचे शिष्य झाले. पण केल १९६५च्या सुमारासच यंग यांच्यापासून वेगळा झाला होता, त्यामुळे तुमच्या मित्राचा क्रम चुकतो. मात्र यंग यांनी अली अकबर खाँ यांची तबकडी १९५०च्या दशकातच ऐकली होती, म्हणजे आपल्या संगीताचा धागा आहेच. मिरज-धारवाडच्या पट्ट्यात किराणा ऐकत वाढलेल्या कानाला धरून ठेवलेला षड्ज वेगळा शिकवावा लागत नाही. तो तुमचा हक्काचा ठेवा आहे, निःसंकोच वापरा.

प्रश्न : खानापुरात पावसाळ्यात ॲकॉस्टिक गिटारच्या तारा पडद्यांपासून उंच होतात. ट्रस रॉड (मानेतली लोखंडी सळई) आवळू का?

उत्तर : नको. लाकूड ओल शोषून फुगतं, पोट वर येतं आणि त्याबरोबर ब्रिज (पोटावरची तारा अडकवायची पट्टी) उचलला जातो. दोष मानेचा नाही, मग रॉड आवळून काय होणार? उलट पावसाळा सरला की तारा पडद्यांना घासून खरखरतील. कडक पेटीत सिलिका जेल ठेवा, पेटीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास हवी. निळे दाणे गुलाबी झाले की सुमारे १२० अंशांवर ओव्हनमध्ये सुकवून परत वापरा. गिटार मात्र चुलीशेजारी किंवा उन्हात सुकवू नका, जोड सुटतात.

प्रश्न : शहापूरला पत्र्याच्या खोलीत सराव करतो. स्टुडिओ परवडत नाही, तर रेकॉर्डिंग कसं करावं?

उत्तर : फ्लाइंग ननच्या सुरुवातीच्या काही तबकड्या डनेडिनच्याच संगीतकार क्रिस नॉक्सच्या चार ट्रॅकच्या टेप मशीनवर झाल्या, तेव्हा चार ट्रॅक तुम्हालाही पुरतील. पहिल्यावर ड्रम, दुसऱ्यावर बेस, तिसऱ्यावर दोन्ही गिटार, चौथ्यावर गाणं. भिंतींवर जाड वाकळी टांगा, पत्र्याखालीही दोरीवर एक-दोन पसरा. ड्रमला एकच माइक असेल तर तो वाजवणाऱ्याच्या डोक्यावर साधारण फूटभर उंच धरा. झांजा फार येत असतील तर आधी झांजा हळू वाजवायला सांगा. मिक्समध्ये त्या कमी करू गेलात तर स्नेअर हा खणखणीत ड्रमही जाईल. गिटारचा माइक स्पीकरच्या मधोमध न ठेवता कडेकडे सरकवा, कर्कशपणा तिथेच निम्मा उतरतो.