प्रश्न तुमचे: आधी रंग की आधी जोडणी?

प्रश्न : फोडन सी-टाइप या जुन्या ब्रिटिश वाफेच्या लॉरीचं ४ इंची, म्हणजे एक-तृतीयांश आकाराचं मॉडेल सुट्या भागांपासून जोडतो आहे. भाग रंगवून जोडावेत, की जोडून झाल्यावर रंगवावेत? (वाचक, कोव्हेंट्री)

उत्तर : आधी सगळं कोरंच जोडा. इंजिन दाबाच्या हवेवर, दीड-दोन बारवर, फिरवून पाहा. गिअरचे दाते, चेन, ब्रेक, स्टिअरिंग मनासारखं झालं की प्रत्येक भागावर खूण करून सगळं सोडा आणि मग रंगवा. काम दुप्पट वाटतं, पण रंगवलेल्या हॉर्नप्लेटमध्ये (क्रँकशाफ्टची बेअरिंगं धरणारा बाजूचा जाड पत्रा) नव्यानं भोक पाडायची वेळ आली की त्याची किंमत कळते.

रंगाला जाडी असते हे विसरू नका. प्रायमर, फिलर प्रायमर, रंगाचे दोन हात आणि वार्निश मिळून एका बाजूला ०.१५ मि.मी. सहज होतं, समोरासमोरच्या दोन बाजू धरल्या तर ०.३. क्रँकशाफ्टचं बेअरिंग बसतं तिथे एवढा फरक पडला तर शाफ्ट जड फिरतो आणि दात्यांमधली फट बदलते. शिवाय बोल्टखालचा रंग उष्णतेनं आणि दाबानं बसतो, बोल्ट ढिले पडतात. म्हणून जिथे धातूला धातू टेकतो ती जागा मास्किंग टेपनं झाका, आट्यांच्या भोकांत जुने स्क्रू फिरवून ठेवा.

बिडाच्या भागांना जास्त वेळ द्या. कोपऱ्यांतली ओतकामाची वाळू खरवडून काढा, थिनरनं पुसा, हॉट एअर गननं गरम करा. छिद्रांत मुरलेलं तेल वर येतं, ते पुन्हा पुसा. पॉलिएस्टर लांबी (खाचखळगे बुजवायची पुट्टी) उघड्या, घासलेल्या धातूवर भरा. एच प्रायमरवर (etch primer, धातूला पकडणारा आम्लयुक्त प्रायमर) ती कधीही भरू नका. त्यातल्या आम्लामुळे लांबी नीट वाळत नाही आणि पुढे पापुद्रा सुटतो.

बॉयलरचं आवरण मात्र सगळ्यात शेवटी. पाण्याच्या दाबाची चाचणी पार पडेपर्यंत पत्रे चढवू नका, गळती दिसली पाहिजे.

प्रश्न : इनॅमलचा दुसरा हात मारल्यावर पृष्ठभागावर सुरकुत्या आल्या. पहिला हात आदल्या दिवशीचा होता. (वाचक, लीड्स)

उत्तर : पहिला हात वरून सुकला होता, आतून कच्चा होता. दुसऱ्या हातातलं थिनर त्यात शिरलं, थर फुगला आणि आक्रसला. दुसरा हात डब्यावर लिहिलेल्या तासांच्या आत मारा, नाहीतर पहिला पूर्ण कडक होईपर्यंत थांबा. थंड गॅरेजमध्ये वाळणं फार लांबतं, म्हणून ‘दुसऱ्या दिवशी’ हा हिशोब तिथे चालत नाही. धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी वर हवं. भाग आदल्या रात्री घरात आणून ठेवा. आता झालेल्या सुरकुत्यांवर लगेच काही करू नका. उबदार खोलीत काही आठवडे कडक होऊ द्या, ४०० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरनं सपाट करा, ८०० नं संपवा, मग पातळ हात द्या.

इनॅमलवर सेल्युलोज रंग (तीव्र थिनरचा, झटपट सुकणारा) मारला तरी हेच होतं. उलटं, म्हणजे पूर्ण वाळलेल्या सेल्युलोजवर इनॅमल, चालतं.

प्रश्न : स्मोकबॉक्सचा (बॉयलरच्या पुढच्या टोकाची, चिमणीखालची धुराची पेटी) काळा रंग पहिल्याच धगीत सुटला.

उत्तर : साधं इनॅमल तिथे टिकत नाही, त्याखालचा साधा प्रायमरही नाही. सगळं धातूपर्यंत खरवडा, उष्णतारोधक रंगाचे दोन पातळ हात थेट धातूवर द्या. मग सुरुवातीला विस्तव मंद ठेवून, मध्ये थंड होऊ देत तो पक्का करा.