पवित्र गुरुवारी (ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी) चर्चमध्ये धर्मगुरू लोकांचे पाय धुतात, ते पापं धुण्यासाठी का?

नाही. पापं धुतली जाण्याचा संस्कार म्हणजे बाप्तिस्मा, पाण्यानं दिली जाणारी ख्रिस्ती दीक्षा, आणि तो आयुष्यात एकदाच होतो. पाय धुण्याचं मूळ बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, १३व्या अध्यायात आहे. क्रुसावर जाण्याआधी शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. त्या काळी हे काम गुलामाचं, म्हणून पेत्र हा शिष्य ठाम नकार देतो. पण ‘मी तुला धुतलं नाही, तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही’ हे येशूचं बोलणं ऐकताच तोच पेत्र हात आणि डोकंही धुवा म्हणतो! येशूचं उत्तर मला फार मोलाचं वाटतं: ज्याची आंघोळ झाली आहे, त्याला पाय धुतले की पुरे. प्राचीन ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टिननं इथे रोजच्या जगण्यात लागणारी धूळ, म्हणजे लहानसहान चुका, पाहिली. म्हणजे शुद्धीही आहे, पण सेवेतून येणारी. आणि येशूला पकडून देणारा शिष्य यहूदा तेव्हा तिथेच होता. दगा देणार हे ठाऊक असूनही येशूनं त्याला वगळलं नाही.

२०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन पाय धुतले, त्यात मुलीही होत्या. कॅथलिक विधीत स्त्रियांचेही पाय धुण्याची अधिकृत परवानगी २०१६ मध्ये मिळाली.