युथला जायला वेळ नाही की तोंड नाही?

«जय ख्रिस्त मावशी. मी २५ वर्षांची, मिहानमध्ये जॉब करते, शिफ्ट कधी सात वाजता सुटते कधी नऊ. सोबत एमपीएससी करून राहिली आहे, रविवारी सकाळी क्लासची टेस्ट असते. चौदा वर्षांची होते तेव्हापासून सदरच्या आमच्या चर्चच्या युथमध्ये आहे, क्वायरमध्ये गाते, दोन वर्षांपासून खजिनदार पण आहे. शनिवारी साडेसहाला मीटिंग असते, मला जमतच नाही. आधी कारणं सांगायची, आता तीन महिन्यांपासून गेलेच नाही, ग्रुप म्यूट केलाय. लीडरनी ग्रुपवर टाकलं की काहींना देवापेक्षा करिअर मोठं झालंय, नाव नाही घेतलं पण सगळ्यांना कळलं. आई म्हणते देवाला वेळ देत नाहीस म्हणून परीक्षेत यश येत नाही. आता क्रिसमसच्या कॅरलची प्रॅक्टिस सुरू होईल. युथ सोडून देऊ का? — दमलेली, नागपूर»

जय ख्रिस्त बेटा.

पहिले आईचं. यश येत नाही कारण देव रागावलाय, हे मनातून काढून टाक, हजेरी लावून परीक्षेत मार्क वाढवणारा देव आपण मानत नाही. आई काळजीपोटी बोलते, तिच्याशी वाद घालू नको, रात्री जेवल्यावर पाच मिनिटं तिच्यासोबत प्रार्थनेला बस, ती अर्धी शांत होईल. लीडरचं नंतर सांगते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मला एक गोष्ट खटकली, की तीन महिन्यांत बारा-तेरा शनिवार आले असतील, त्यातल्या एकाही शनिवारी तू सातला सुटली नाहीस का? सुटली असशील नं. मिहानजवळच्या खापरीहून मेट्रोत बसलं की गाडी न बदलता कस्तुरचंद पार्कला उतरता येतं, तिथून सदर किती लांब आहे, उशिरा का होईना शेवटच्या प्रार्थनेला तरी पोचली असतीस. नाही गेलीस कारण वेळ नव्हता असं नाही, तोंड नव्हतं. एकदा चुकलं की दुसऱ्यांदा जायला जड जातं, मग कारण सांगावं लागतं, मग ते कारण लक्षात ठेवावं लागतं, आणि मग न जाणंच सोपं वाटायला लागतं.

मला कसं माहीत? बी.एड. करत होते तेव्हा मी हेच केलं. क्वायरला सांगितलं पाय मुरगळलाय, आणि चार महिने गेलेच नाही, रेसिडेन्सी रोडवर कुणी ओळखीचं दिसलं की गल्ली बदलायची. एक दिवस आमचे ऑर्गन वाजवणारे काका समोरच आले आणि म्हणाले, पाय कसा आहे गं? आणि मला आठवेचना की मी कोणता पाय सांगितला होता, त्यांच्यासमोर एकदा उजव्याकडे बघितलं एकदा डाव्याकडे. ते हसले पण काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले गुरुवारी ये, ऑल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या सुरात, दोघीच उरल्यात. गेले मी.

तुला लोक सांगतील की एकच काहीतरी निवड, देव नाहीतर करिअर. असं काही नसतं. आपल्याच नागपूरचं बघ, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये मिशनरी म्हणून इथं आले, शाळा काढली, आणि सोबत दगड आणि जीवाश्म गोळा करत हिंडायचे, गोंड लोकांची भाषा, रीतिरिवाज लिहून ठेवायचे. १८६३ मध्ये टाकळघाटची जुनी दगडी वर्तुळं बघून परतताना नदीच्या पाण्यात बुडून गेले. त्यांच्या मिशनवाल्यांपैकी कुणाला वाटलंही असेल की साहेब दगडांत फार वेळ घालवतात म्हणून, पण देवाचं काम आणि दगडाचं काम एकाच माणसाच्या आयुष्यात मावलं. तुझी टेस्ट आणि तुझा क्वायर पण मावेल, फक्त आधीच्या मापात नाही मावणार.

माप लहान कर. चौदा वर्षांच्या पोरीकडे जेवढा शनिवार होता तेवढा पंचवीस वर्षांच्या बाईकडे नसतो, हे तुझ्या लीडरला माहीत असायला पाहिजे, नसेल तर तू सांग. महिन्यातला एक शनिवार पक्का धर, समजा दुसरा शनिवार, आणि सोबत कॅरलची प्रॅक्टिस, बस, आणि जे सांगशील ते मग पाळ, शिफ्ट आडवी आली तर आठवडाभर आधी ऑफिसमध्ये सांगून बदलून घे, जशी लग्नासाठी घेतेस. बाकी शनिवारी तू नसशील हे सगळ्यांना माहीत असेल, मग खोटं बोलायची गरजच नाही. टेस्टमुळे रविवारची सकाळ जाते तर संध्याकाळची उपासना कुठं असते ते बघ, पाळकसाहेबांना विचार, त्यांना असले प्रश्न नवीन नसतात.

आणि हजेरीचंच म्हणशील तर, वेगवेगळी चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आपल्याच नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० ला स्थापन झालं नं, त्याची बोलणी १९२९ पासून सुरू होती. एक्केचाळीस वर्षं! इतक्या बैठकांना दर वेळी सगळे हजर असतील असं मला तरी वाटत नाही. (आणि त्या काळी व्हॉट्सॅपवर टोमणे मारायची सोय नव्हती, ते एक बरं.)

लीडरनी जे टाकलं ते चुकीचंच आहे, माणूस दिसेना झालं तर आधी फोन करून विचारायचं असतं बरी आहेस का म्हणून. पण ग्रुपवर उत्तर देऊ नको, शंभर मेसेज होतील आणि कॅरल बाजूला राहील. त्याला सकाळी तर्री पोह्याला बोलव आणि समोर बसवून सांग, दादा मला वाईट वाटलं, आणि हेही सांग की ट्रॅफिकचं, डोकेदुखीचं जे जे सांगितलं ते खोटं होतं. दुसरं सांगायला जास्त जड जाईल, पण ते सांगितल्याशिवाय पहिलं ऐकून घेतलं जाणार नाही. त्यानं नाहीच समजून घेतलं तर पाळकसाहेबांकडे जा, आणि तरीही मन नाही लागलं तर युथ सोड, त्यात पाप नाही, पण सगळ्यांना सांगून, निरोप घेऊन सोड. अशी गुपचूप गायब होऊ नको.

आता ज्याच्यावर मी खरंच रागावले ते. तू खजिनदार आहेस, म्हणजे हिशोबाची वही आणि वर्गणीचे पैसे तुझ्याच कपाटात असतील, आणि तीन महिन्यांपासून ग्रुप म्यूट आहे! क्रिसमसची वर्गणी कोण घेऊन राहिलं असेल, जुनी शिल्लक किती हे कुणाला विचारत असतील? तुझ्या न येण्यानं कुणाचं काही अडलं नसेल, वहीनं अडलंय. खजिनदारपद या वर्षी दुसऱ्याला दे, वही पूर्ण करून, पैसे मोजून, सही घेऊन. हे शनिवारपर्यंत थांबवू नको, उद्या शिफ्टच्या आधी जमलं तर उद्याच, आणि वही द्यायला गेलीस की प्रॅक्टिस कोणत्या दिवसापासून आहे तेही तिथंच विचारून घे.

— मावशी