लोकांनी गायिलेले आणि मातेतिचांनी लिहिलेले

प्रश्न : क्रोएशियाचे संगीतकार इव्हान मातेतिच रोन्यगोव्ह यांनी ‘इस्त्रियन स्वरश्रेणी’ शोधली, असे वाचले. एड्रियाटिक समुद्रातील इस्त्रिया या द्वीपकल्पावरचे शेतकरी त्या स्वरांत पिढ्यान्‌पिढ्या गात होतेच. मग मातेतिचांनी नेमके काय शोधले?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. ‘शोधली’ या शब्दापेक्षा ‘लिहिता येईल अशी केली’ हे वर्णन अधिक न्याय्य ठरेल.

मातेतिचांचा जन्म 1880 मध्ये कास्ताव्हजवळच्या रोन्यगी या वाडीत झाला. नावातील ‘रोन्यगोव्ह’ तिच्यावरूनच आले, आडनाव केवळ मातेतिच. पेशाने ते शाळामास्तर होते आणि संगीतरचनेचे रीतसर शिक्षण घेण्यासाठी झाग्रेबला गेले, तेव्हा वयाची चाळिशी जवळ आली होती. मात्र गावोगावची गाणी टिपून घेण्याचा नाद त्यांना त्याआधीपासूनच होता.

अडचण स्वरलिपीची होती. इस्त्रियात दोघे मिळून गातात, एक बारीक आवाजात आणि दुसरा जाड आवाजात, किंवा सनईसारख्या दुहेरी पत्तीच्या ‘सोपेला’ या वाद्याची लहानमोठी जोडी वाजवतात. हे स्वर पाश्चात्य मेजर-मायनर चौकटीत बसत नाहीत. मातेतिचांनी 1925 च्या लेखात त्यांसाठी सहा स्वरांची श्रेणी मांडली, जीत अर्ध्या आणि पूर्ण स्वराची अंतरे आळीपाळीने येतात. आपल्या भाषेत सांगायचे तर सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध ग, तीव्र म आणि प. म्हणजे सगळा संसार पंचमाच्या आतच. (हार्मोनियमवर वाजवून पाहिल्यास कल्पना येईल, पण ती अंदाजापुरतीच, कारण गावातले गायक पट्ट्यांची समान अंतरे मानत नाहीत.) दोन आवाज बहुतेक वेळा सा ते कोमल ग इतके अंतर राखून बरोबर चालतात आणि शेवटी एकाच स्वरावर किंवा सप्तकाच्या अंतरावर येऊन थांबतात.

माझ्या मते त्यांचे खरे कर्तृत्व या श्रेणीच्या पुढे सुरू होते. त्यांनी प्रामुख्याने वाद्यांविना गाणाऱ्या वृंदांसाठी, तिथल्या चाकावी बोलीत रचना केल्या. ‘रोझेनित्से’ या रचनेचे नावच सोपेलाचे दुसरे नाव आहे. पहिल्या महायुद्धानंतर इस्त्रिया इटलीकडे गेला आणि पुढे फॅसिस्ट राजवटीने तिथल्या क्रोएशियन भाषेची गळचेपी केली, हे लक्षात घेतले की बोलीतील या गाण्यांचे वजन कळते.

मातेतिच 1960 मध्ये वारले. त्या स्वरश्रेणीतील दोन आवाजांचे गायन-वादन 2009 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आले, आणि त्या नोंदीत ‘इस्त्रियन स्वरश्रेणी’ हा मातेतिचांचाच शब्द कायम आहे.