सॉकेट तोच, तरी प्रोसेसर चालणार नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१६ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे, आत इंटेलचा सहाव्या पिढीचा आय३-६१०० प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम. ओळखीतले एकजण वापरलेला, आठव्या पिढीचा आय५-८४०० स्वस्तात देतायत. दोन्हींचा सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा, एलजीए ११५१, तेव्हा बसणारच, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही खात्री करायला सीपीयू-झेड हे मशीनच्या आतल्या भागांची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलंत, तर तिथे चिपसेटसमोर (बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप) 'स्कायलेक' आलं आणि या नावाचा चिपसेट शोधूनही सापडेना.

आधी उत्तर सांगतो. पैसे देऊ नका. ८४०० तुमच्या बोर्डात बसेल, झाकण लागेल, दांडी खाली येईल, आणि तरीही चालणार नाही.

आता 'स्कायलेक'ची भानगड. सीपीयू-झेडच्या मेनबोर्ड टॅबमध्ये 'चिपसेट' आणि 'साउथब्रिज' अशा दोन ओळी असतात. पूर्वी बोर्डावर खरोखरच दोन चिप्स असायच्या. रॅम आणि ग्राफिक्सचा व्यवहार नॉर्थब्रिज बघायची, साटा (हार्ड डिस्कची जोडणी), यूएसबी, आवाज वगैरे बारीकसारीक कामं साउथब्रिजकडे. पुढे नॉर्थब्रिजचं काम प्रोसेसरच्याच पोटात गेलं आणि बोर्डावर एक चिप उरली. सॉफ्टवेअरने रकाने मात्र जुनेच ठेवले. त्यामुळे वरच्या ओळीत तुमच्या प्रोसेसरचं कुळ दिसतं आणि चिपसेटचं खरं नाव साउथब्रिजच्या ओळीत. तुम्ही टाकलेल्या स्क्रीनशॉटमध्ये ते आहेच: 'एच११०'.

एका साक्षीदारावर भागवायचं नसेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'सिस्टिम डिव्हायसेस' उलगडा आणि 'एलपीसी कंट्रोलर' असलेली ओळ शोधा. '१०० सिरीज' असं कुटुंबाचं नाव, कंसात एच११० आणि शेवटी ए१४३ हा क्रमांक दिसेल. ड्रायव्हर पडलेला नसेल तर नुसतं 'पीसीआय डिव्हाइस' दिसतं. तेव्हा प्रॉपर्टीजमध्ये हार्डवेअर आयडी बघायचा. ८०८६ म्हणजे इंटेल, १०२२ म्हणजे एएमडी, आणि पुढचा डिव्हाइस क्रमांक चिपचा.

बोर्डाचं मॉडेल हवं असेल तर विंडोजची कळ आणि आर दाबून एमएसइन्फो३२ चालवा आणि 'बेसबोर्ड प्रॉडक्ट' वाचा. स्वस्त बोर्डांवर तिथे पुष्कळदा 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.' एवढंच येतं, म्हणजे कारखान्यात कुणी नाव भरायची तसदी घेतलेली नाही. मग कॅबिनेटची डावी बाजू उघडायची आणि टॉर्च मारायचा. मॉडेल रॅमच्या खाचांपाशी किंवा ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटजवळ ठसठशीत छापलेलं असतं. त्याच्यासोबत कुठेतरी 'रेव्ह. १.०' असं काही दिसलं तर तेही टिपून घ्या, कारण एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांचे बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) वेगळे असू शकतात. खाली उजव्या कोपऱ्याकडे जो चपटा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) दिसतो त्याच्याखाली चिपसेट असतो. तो उपटून नाव वाचायच्या फंदात पडू नका.

सॉकेट एकच असून हे असं का? ११५१ हा पिनांचा नुसता आकडा आहे. कुठली पिन काय काम करते ते त्यातून कळत नाही. सहाव्या पिढीसाठी २०१५ मध्ये १०० मालिकेचे चिपसेट आले: एच११०, बी१५०, झेड१७० वगैरे. सातव्या पिढीबरोबर २०१७ च्या सुरुवातीला २०० मालिका आली. या दोन्ही मालिका सहावी आणि सातवी पिढी चालवतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आठवी पिढी आली, तिच्यात सहापर्यंत कोअर, म्हणून इंटेलने पिनांची वाटणीच बदलली. कोअरना वीज देणाऱ्या पिना १२८ वरून १४६ केल्या आणि ३०० मालिका सक्तीची केली. कडेच्या खाचा मात्र जिथल्या तिथे ठेवल्या. त्या हलवल्या असत्या तर निदान प्रोसेसर बसलाच नसता आणि बरेच जण वाचले असते.

त्यात मीही होतो. मावसभावाच्या बी२५० बोर्डावर मी स्वतःच्या हाताने आय३-८१०० बसवला होता. पंखा फिरला, दिवे लागले, पडदा काळा. मग आपले नेहमीचे उपाय: रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने घासले, बोर्डावरचा सेल काढून पाच मिनिटं थांबलो, केबल बदलली, शेजारच्यांचा मॉनिटर आणला. दीड तासाने सहज बोर्डाचा खोका हातात घेतला, तर त्यावर '६वी/७वी पिढी' असं अंगठ्याएवढ्या अक्षरांत छापलेलं. दुकानदाराने प्रोसेसर परत घेतला नाही, आणि त्याचं काही चुकलं असंही मला वाटत नाही. सुदैवाने जुना प्रोसेसर परत बसवल्यावर मशीन पूर्ववत सुरू झालं.

बायोसमध्ये फेरफार करून आणि प्रोसेसरच्या तळाच्या काही टिकल्यांवर (पिना जिथे टेकतात त्या जागा) कॅप्टन टेप ही वीजरोधक पट्टी लावून १०० मालिकेच्या बोर्डावर आठवी पिढी चालवणारे हौशी लोक आहेत. बघायला मजा येते. ज्या मशीनवर घरचा जीएसटी भरला जातो त्यावर हा प्रयोग मी करणार नाही.

मग तुम्ही काय घ्यावं? आय५-६५०० हे तुमच्याच पिढीचं असल्याने बायोसला बहुधा हात लावावा लागणार नाही. आय५-७५०० किंवा आय७-७७०० घेत असाल तर बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची सीपीयू सपोर्ट यादी उघडा. तिथे प्रत्येक प्रोसेसरपुढे किमान बायोस आवृत्ती दिलेली असते. तुमची आवृत्ती एमएसइन्फो३२ मध्येच दिसते. ती जुनी असेल तर आधी बायोस अपडेट, आणि तेही आय३ बोर्डावर असतानाच. नवा प्रोसेसर बसवून मग अपडेट करू म्हणाल तर पडदाच उजळणार नाही. यूपीएस नसेल तर कुणाचा तरी मागून आणा. पावसाळ्यात संध्याकाळी हे काम काढू नका, मध्येच लाइट गेली तर बोर्ड गेला. मॉडेलच्या नावाअखेरीस 'के' असलेले प्रोसेसर टाळा. ते बहुतेक ९१ वॅटचे, एच११० वर ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं) होत नाही आणि असल्या बोर्डांवरचा वीजपुरवठ्याचा भाग तोळामासा असतो. वर सांगितलेले तिन्ही ६५ वॅटचे आहेत, त्यांना तो झेपतो.

पण तुम्ही शेवटच्या ओळीत 'विंडोज ११ टाकायचं आहे' असं लिहिलंय, आणि खरा पेच तो आहे. विंडोज १० ची मोफत मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, म्हणून घाई समजते. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे डेस्कटॉप प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून सुरू होतात. ७७०० घेतलात तरी त्या यादीत तुम्ही नाही. म्हणजे विंडोज ११ हेच कारण असेल तर एच११० वर एक रुपयाही घालू नका, बोर्ड आणि प्रोसेसर जोडीनेच बदला. बोर्ड घेताना रॅमचा प्रकार जुळतो का ते बघा. तुमची डीडीआर४ असेल तर ती पुढे नेता येईल, पण काही एच११० बोर्ड डीडीआर३ वर चालतात, तेव्हा सीपीयू-झेडच्या मेमरी टॅबमध्ये एकदा खात्री करून घ्या. आणि मशीन नुसतंच संथ वाटत असेल, तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आणि ४ च्या ऐवजी ८ जीबी रॅम घालून बघा. तुमच्या वापराला प्रोसेसरपेक्षा त्याचा फरक जास्त जाणवेल, असं माझं मत.

खाली प्रतिक्रियेत एकाने विचारलंय, की इंटेलची स्पर्धक एएमडी, तिच्या बोर्डांचं काय. तिथे एएम४ सॉकेटची गोष्ट बरीच सुखाची आहे. २०१७ च्या ए३२० आणि बी३५० बोर्डांनाही २०२२ मध्ये रायझन ५००० या एएमडीच्या प्रोसेसर मालिकेसाठी बायोस मिळू लागले. उलट दिशेने मात्र फसगत होते: बी५५० वर पहिल्या पिढीचं रायझन अधिकृतपणे चालत नाही. सीपीयू-झेडची गंमत इथेही तीच, वर 'रायझन एसओसी' आणि खाली बी४५०.

८४०० साठी ओळखीतल्यांना आगाऊ रक्कम दिली असेल तर त्यांच्याकडे एच३१० किंवा बी३६० बोर्ड आहे का ते विचारा. ज्या मशीनमधून तो प्रोसेसर निघाला त्यातच तसा बोर्ड असणार. जोडी मिळाली तर हा सौदा वाईट नाही. फक्त घेण्याआधी सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण उघडून टॉर्चच्या उजेडात तिरक्या नजरेने बघा. पिनांच्या रांगा एकसारख्या चमकायला हव्यात, एखादी जरी वेगळ्या कोनात चमकली तर ती वाकलेली आहे.