लाल वाइन आणि काळा मसाला : वाचकांचे प्रश्न

नाशिककडून येणारा पाहुणा पूर्वी द्राक्षांची पेटी आणत असे. आता पेटीशेजारी एखादी बाटलीही असते. ती बाटली जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरांत पोहोचल्यावर तिचे पुढे काय करायचे, याविषयी गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी लाल वाइनबद्दलची पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. ज्यांच्या घरी वाइन चालत नाही, त्यांनी हे पान खुशाल उलटावे.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ पुण्याहून येताना कॅबर्ने सोव्हिन्याँ नावाची लाल वाइन घेऊन आला. मटणाबरोबर लाल वाइनच घ्यायची असते, असे त्याने कुठेतरी वाचले होते, म्हणून मी काळ्या मसाल्याचे, चांगली तर्री असलेले मटण केले. पहिल्याच घोटाला मामंजींनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "हाई ते कडू जहर शे!" खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले, शिवाय एरवी सहज खाल्ले जाणारे मटण त्या दिवशी फार झोंबले. वाइन खराब होती, की माझ्या मसाल्याचे काही चुकले?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : ताई, वाइन खराब नसावी आणि मसाल्यात तर काहीच चुकलेले नाही. मटणाला लाल वाइन हा नियम ज्या स्वयंपाकघरांत तयार झाला, तिथे मटण म्हणजे मीठ, मिरपूड आणि लोणी लावून भाजलेली मेंढीची मांडी असते. त्या नियमात लाल मिरची धरलेलीच नाही.

कॅबर्नेची द्राक्षे लहान आणि जाड सालीची असतात. लाल वाइनमध्ये रस सालींसह आंबवला जातो, त्यामुळे सालीतला आणि बियांतला तुरटपणा, म्हणजे टॅनिन, वाइनमध्ये उतरतो. साल जितकी जाड आणि रसाच्या मानाने जितकी जास्त, तितका तो अधिक. हा तुरटपणा कसा असतो हे केळीच्या मुलखात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. कच्चे केळे चुकून चावले तर जीभ आखडते, गालांच्या आतली बाजू खरखरीत होते, तोंडातली लाळ कुणी पुसून घेतल्यासारखे वाटते. तेही टॅनिनच आहे. ते लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवते आणि लाळेचा बुळबुळीतपणा घालवते. केळे पिकले की त्यातल्या टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात आणि तुरटपणा जाणवेनासा होतो. वाइनही मुरत गेली की तिच्या टॅनिनमध्ये असेच काही बदल होतात, म्हणून फ्रान्समधल्या बोर्दो भागातली चांगली कॅबर्ने लोक दहा-पंधरा वर्षे ठेवून पितात. आपल्याकडे येणारी बाटली बहुधा दोन-तीन वर्षांचीच असते, म्हणजे हिरव्या घडाच्या जवळची.

मांसातली प्रथिने आणि चरबी या टॅनिनला आवर घालतात. नियमाला आधार आहे तो एवढाच. पण तिखटाचे गणित निराळे आहे. मिरचीतले कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या संवेदकांना चेतवते, त्यांनाच मद्यार्कही चेतवतो. कॅबर्नेत तो तेरा-चौदा टक्के असतो. म्हणजे आग विझवण्यासाठी घेतलेला प्रत्येक घोट आग वाढवतो आणि आधीच भाजलेल्या जिभेला टॅनिन अधिक बोचते. वाइनमधली फळाची चव या गदारोळात हरवते आणि मामंजींना जाणवला तो कडवटपणा तेवढा शिल्लक राहतो. त्यांचे निदान अचूक होते.

यावर माझ्या अनुभवाचे दोन उपाय आहेत. बाटली कॅबर्नेचीच असेल तर मटण हळद, मीठ, आले, लसूण एवढ्यावरच शिजवून, मसाल्याच्या फोडणीत टाकण्याआधी त्यातले चार-सहा तुकडे वेगळे काढावेत, तव्यावर थोड्या तुपात परतावेत आणि वाइन त्यांच्याबरोबर, जेवणाच्या आधी घ्यावी. तीच कडवट वाइन अशा वेळी एकदम मऊ लागते. काळ्या मनुका, देवदाराचे लाकूड, किंचित ढोबळी मिरची असे जे वास तिच्यात सांगितले जातात, ते तेव्हा खरोखर सापडतात. ढोबळी मिरचीची उपमा कविकल्पना नाही. कॅबर्नेच्या द्राक्षात आणि ढोबळी मिरचीत एकच गंधद्रव्य असते आणि द्राक्ष कमी पिकलेले असताना तोडले तर ते जास्त जाणवते. दुसरा उपाय असा की, तर्रीच्या मटणाबरोबरच वाइन हवी असेल तर कॅबर्ने सोडून कमी टॅनिनची, फळाच्या चवीची, शक्यतो लाकडी पिंपात न मुरवलेली वाइन आणावी आणि ती थोडी थंड करून द्यावी. मर्लो चालेल, ग्रनाश अधिक चांगली. झिनफँडेलही फळाला भरपूर असते आणि साखर नसतानाही गोडसर भासते, पण तिच्यात मद्यार्क अनेकदा चौदा-पंधरा टक्क्यांपर्यंत जातो, तेव्हा लेबलावरचा आकडा पाहूनच घ्यावी. मांस लाल आहे की पांढरे, हे खानदेशात पाहून उपयोग नाही. मसाला किती तिखट आहे, ते आधी पाहावे.

प्रश्न : कॅबर्ने, मर्लो ही कंपन्यांची नावे आहेत का? दुकानदाराला विचारले तर तो म्हणाला, दोन्ही सारख्याच.
— एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर : कंपन्यांची नव्हेत, ती द्राक्षाच्या वाणांची नावे आहेत. आपण जसे गव्हात लोकवन आणि बन्सी म्हणतो, तसेच. दुकानदार मात्र अगदीच चुकलेला नाही, कारण दोघी सावत्र बहिणी आहेत. कॅबर्ने सोव्हिन्याँ ही कॅबर्ने फ्राँ हे काळे आणि सोव्हिन्याँ ब्लाँ हे पांढरे द्राक्ष यांचा संकर आहे, असे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी 1997 मध्ये डीएनए तपासून दाखवले. मर्लोच्या जन्मातही कॅबर्ने फ्राँ आहेच.

दोघींचे माहेर फ्रान्समधले बोर्दो. तिथे नदीच्या डाव्या काठाला खडे-गोटे भरलेली जमीन आहे. पाणी झरझर निचरते, गोटे दिवसा तापतात, आणि उशिरा पिकणाऱ्या कॅबर्नेला ही ऊब लागते. उजव्या काठाला, पोमरोल आणि सँ-तेमिल्याँच्या बाजूला, चिकणमाती अधिक. ती गार राहते आणि ओल धरून ठेवते. तिथे लवकर पिकणारी मर्लो साधते. मुरमाड रान कशाला आणि काळी कसदार कशाला, हे तापीकाठच्या शेतकऱ्याला जसे पिढीजात ठाऊक असते, तसेच हे ज्ञान आहे. मर्लोची साल पातळ, टॅनिन मऊ, चव पिकलेल्या आलुबुखारासारखी. पहिल्यांदाच लाल वाइन घेणाऱ्याला मी नेहमी मर्लो सुचवतो. जाणकार तिला फार सरळ म्हणून नाक मुरडतात. त्यांना मुरडू द्यावे. तुमच्याकडे तूप घातलेली बट्टी आणि आंबटसर वरण असेल त्या दिवशी ती उघडून पाहा.

प्रश्न : शिराझ ही वाइन इराणच्या शिराझ शहरातून आली, असे ऐकले. सिरा म्हणजे तीच का? आणि आमच्या भरताबरोबर ती जाते, असे एक मित्र छातीठोकपणे सांगतो, ते खरे मानावे का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : सिरा आणि शिराझ एकच. इराणची कथा मात्र रम्य असली तरी खरी नाही. 1998 मधल्या डीएनए तपासणीत या द्राक्षाचे आईबाप दुरेझा आणि माँद्यूझ ब्लाँश हे आग्नेय फ्रान्समधलेच दोन वाण निघाले. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातले एर्मिताज आणि कोत-रोती हे तिचे जुने मुलूख. ऑस्ट्रेलियात तिच्या काड्या 1832 मध्ये जेम्स बस्बी यांनी नेल्या आणि तिथे शिराझ हे नाव रूढ झाले. हल्ली बाटलीवर सिरा लिहिले असेल तर ती फ्रेंच वळणाची, मिरमिरीत आणि सडपातळ असण्याची शक्यता जास्त. शिराझ लिहिले असेल तर उन्हात पिकलेली, दाट. आपल्याकडे बहुतेक बाटल्यांवर शिराझच लिहिलेले असते.

तुमच्या मित्राचे म्हणणे मला पटते आणि त्याला कारण आहे. या वाइनमध्ये काळ्या मिरीचा वास येतो. तो रोटंडोन नावाच्या द्रव्यामुळे येतो, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवून दिले, आणि हेच द्रव्य खऱ्या काळ्या मिरीतही असते. तिच्यात पुष्कळदा धुराची, भाजलेल्या पदार्थाची झाकही असते. आता बामणोदची हिरवी, मोठी वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजताना आठवा: साल फुटून काळी होते, आतला गर पाणी सोडत मऊ पडतो आणि धूर थेट गरात शिरतो. तो लाकडी बडगीत ठेचून त्यावर पातीचा कांदा, लसूण, शेंगदाणे घातलेली फोडणी पडली की, भरिताला मांसाशिवायच मांसासारखा भरीवपणा येतो. धुराला धूर भेटतो. शेंगदाणे आणि तेल तुरटपणा सोसतात. गॅसवर भाजलेल्या वांग्याच्या भरिताबरोबर ही जोडी मी दोनदा करून पाहिली, दोन्ही वेळा फिकी वाटली.

अडचण हिरव्या मिरचीची. घरच्या रीतीने ठेचून घातलेल्या मिरच्या निम्म्या करण्याची तयारी नसेल, तर शिराझ थंड करूनही फार मदत करणार नाही. आमच्या घरी मिरचीचा ठेचा वेगळा ठेवतात आणि ज्याला हवा तो कळण्याच्या भाकरीवर घेतो. या सोयीमुळे भरीतही वाचते आणि वाइनही.

प्रश्न : मुलाने परदेशातून पिनो न्वार आणली. रंग इतका फिका की, पाणी घातल्याचा संशय येतो. किंमत मात्र सर्वांत जास्त!
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : पाणी घातलेले नाही. पिनो न्वारची साल पातळ असते आणि तिच्यात रंगद्रव्य कमी असते, म्हणून पेल्याआडून वर्तमानपत्राची अक्षरे दिसावीत इतकी ती पारदर्शक असू शकते. किंमत तिच्या लहरीपणाची आहे: कळ्या लवकर फुटतात म्हणून थंडीत सापडते, घड दाट असल्याने कुजण्याची भीती, आणि हवा थंडच हवी. फ्रान्समधल्या बर्गंडीत तिचा मान जुना आहे. 1395 मध्ये तिथल्या ड्यूक फिलिपने भरघोस पीक देणारी गामे नावाची द्राक्षे उपटून टाकण्याचे फर्मान पिनोसाठी काढले होते.

हिच्यात टॅनिन कमी, आंबटपणा चांगला, वास चेरीचा आणि थोडा पावसाळी मातीचा. तिखट पदार्थ तिला गिळून टाकतात. मी तिला एकदा घोटलेल्या उडदाच्या डाळीबरोबर, वरून लसणाची फोडणी आणि सोबत कळण्याची भाकरी, अशी घेतली, आणि उडदाचा तो मातकट वास वाइनमध्ये जसाच्या तसा सापडल्याने मीच चकित झालो. बाटली महागडी असल्याने हा प्रयोग पुन्हा केलेला नाही.

प्रश्न : आमचे घर शाकाहारी आहे. शेवभाजीबरोबर कोणती लाल वाइन घ्यावी?
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : कोणतीही नको. झणझणीत रस्सा, वर तेलाचा थर आणि त्यात भिजलेली तिखट शेव, यांच्यापुढे ताकच उभे राहते. लाल वाइनसाठी घरात पनीर तव्यावर भाजा, मशरूम परता किंवा टोमॅटोची जरा आंबट भाजी करा. टोमॅटोच्या आंबटपणापुढे मऊ वाइन बेचव होते, म्हणून तिथे संजोवेझे घ्यावी; इटलीतल्या कियांतीचे हे मुख्य द्राक्ष अंगचेच आंबट आहे आणि त्याचे अर्धे आयुष्य टोमॅटोच्या शेजारीच गेले आहे.

प्रश्न : लाल वाइन 'रूम टेंपरेचर'ला घ्यावी म्हणतात. मे महिन्यात आमच्या खोलीचे काय करावे?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : तो शब्दप्रयोग युरोपातल्या जुन्या, थंडगार दगडी घरांतला आहे, तिथली खोली म्हणजे 16 ते 18 अंश. जळगावकडे बाहेर 45 अंश असताना घरातली वाइन त्याच नियमाने प्यायल्यास फक्त मद्यार्काची वाफ नाकात जाते. कॅबर्ने आणि शिराझ 16 ते 18, मर्लो त्याहून थोडी थंड, पिनो आणि ग्रनाश 12 ते 14 अंशांवर चांगल्या लागतात. उन्हाळ्यात बाटली सरळ फ्रिजमध्ये ठेवावी आणि जेवणाआधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढावी. घाई असेल तर बर्फ आणि पाणी भरलेल्या बादलीत गळ्यापर्यंत बुडवून पंधरा-वीस मिनिटे ठेवावी. नुसत्या बर्फापेक्षा पाणी घातलेला बर्फ लवकर थंड करतो. पेल्यात बर्फ टाकू नये.

न उघडलेली बाटलीही माळ्यावर किंवा स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवू नये. मी एक बाटली चैत्रात माळ्यावर ठेवून विसरलो होतो. ज्येष्ठात काढली तेव्हा बूच बोटभर वर आले होते, लेबलावर चिकट ओघळ सुकला होता आणि चव शिजवलेल्या मनुकांची होती. ती मी ओतून दिली. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, त्यानंतर आंबते.

प्रश्न : पाहुण्यांसाठी खापरावरचे पुरणाचे मांडे करणार आहोत. त्यांच्याबरोबर उरलेली लाल वाइन चालेल का?
— तोच वाचक, चोपडा

उत्तर : चालणार नाही. गोडाबरोबर घेतलेली वाइन त्या पदार्थापेक्षा गोड असावी लागते, नाहीतर ती नुसती आंबट आणि तुरट लागते. मांड्यांसाठी आमरसाची वाटी पुढे ओढावी आणि बाटली बूच लावून पुन्हा फ्रिजमध्ये ठेवावी.