मिरीची वोडका: थंड किती, तिखट किती?

प्रश्न : मिरी-मिरची मुरवलेली वोडका फ्रीजरमधून काढून दिली तर आधी चवच लागत नाही, मग एकदम घसा जळतो. चाखायची आणि द्यायची कशी? घरी मुरवलेली कडू का होते?

उत्तर : फ्रीजरच्या गारठ्यात वास दबतो आणि तिखटही उशिरा कळतं, तोवर घोट घशाखाली गेलेला असतो. चाखायला १२ ते १५ अंश सेल्सिअस बरं. १५ मिली ओता, ग्लास नाकापासून चार बोटं लांब धरा, नाहीतर नुसतं अल्कोहोल झोंबेल. लहान घोट जिभेवर फिरवून गिळा आणि मिनिटभर थांबा, कारण मिरचीची आग मागून चढते. पुढच्या नमुन्याआधी पाणी पिऊन भागत नाही. मिरचीतलं तिखट द्रव्य, कॅप्सेसिन, पाण्यात जेमतेम विरघळतं. लोणी लावलेला पाव किंवा दूध घ्या.

पाहुण्यांना ५ अंशांच्या आसपास, ३० मिली, सोबत खारवलेली काकडी. ब्लडी मेरी या कॉकटेलमध्ये ४५ मिली वोडकाला ९० मिली टोमॅटोचा रस. तिखट सॉस मात्र चव पाहूनच, बहुतेकदा लागतच नाही.

कडवटपणा येतो तो मिरीची पूड घातल्याने किंवा दिवसेंदिवस मुरवल्याने. पुडीने वोडका गढूळही होते. ५०० मिलीला १०-१२ दाणे जरासे ठेचून २४ तास ठेवा. मिरची शेवटी: एकच, बिया आणि आतला पांढरा भाग काढून. दर अर्ध्या तासाने थेंबभर चाखा, जमली की लगेच गाळा. जास्त तिखट झालीच तर साधी वोडका मिसळा. साखरेने आग झाकली जाते, जात नाही.